शाळेच्या आवारात आपल्या रानाची बाग: आदिवासी भागातल्या शाळांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जूनमध्ये आश्रमशाळा भरते आणि नेमकं त्याच सुमाराला रान उगवायला लागतं. पहिल्या सरींबरोबर शेवळं जमिनीतून वर येतात, टाकळा आणि कुर्डू कोवळे असतात, फोडशीची पाती खुडण्याजोगी होतात. आजीच्या मागे टोपली घेऊन रानात जायचे जे दिवस, तेच वसतिगृहात राहायचे दिवस. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी पोचतं तोवर भाज्या निबर झालेल्या, वेल वाळायला लागलेले. पहिली ते दहावी असं चाललं की कोणती भाजी कधी खुडायची, कशाबरोबर शिजवायची, कोणती उकळल्याशिवाय तोंडाला लावायची नाही, हे शिकायचं वयच निघून जातं. शाळेतली बाग रानाची जागा घेणार नाही, पण हे तुटलेलं शिक्षण बरंचसं सांधता येतं.

हा लेख मुख्यतः पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाज राहतात. पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नाशिकचे पेठ-सुरगाणा, अहिल्यानगरचं अकोले इथल्या शाळांना यातलं बरंचसं तसंच लागू पडेल. मेळघाट किंवा गडचिरोलीत झाडांची यादी वेगळी होईल, कामाचा क्रम मात्र हाच ठेवावा.

आधी माणसं, मग खड्डे

बहुतेक शाळांत वृक्षारोपण उलट्या क्रमाने होतं. रोपं आधी येतात, खड्डे खणले जातात, फोटो होतो, आणि गावाला नंतर कळतं. त्यात गुलमोहर असतो, निलगिरी असते, सुबाभूळ असते. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मेक्सिकोची. त्या झाडांबद्दल मुलांच्या आजीकडे सांगण्यासारखं काही नसतं, आणि ज्या झाडाबद्दल आजीला काही सांगता येत नाही ते या बागेच्या उपयोगाचं नाही. निवडीची एवढी एकच कसोटी धरली तरी अर्धे प्रश्न सुटतात.

म्हणून पहिली बैठक शाळा व्यवस्थापन समितीची घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात, म्हणजे गाव आधीच तिथे बसलेलं असतं. आश्रमशाळा शासकीय असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला लेखी कळवा. या भागात ती कार्यालयं जव्हार आणि डहाणूला आहेत. अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. सुट्टीत बागेजवळ असतील तर तेच असतील.

समितीबाहेरची माणसंही लागतील. रानात रोज जाणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या बायका, घरचं बियाणं राखणारा एखादा शेतकरी, पाड्यावरचा भगत किंवा औषधं देणारी व्यक्ती. त्यांना चिठ्ठी पाठवून शाळेत बोलावू नका. संध्याकाळी पाड्यावर जा, ओट्यावर बसा, काय करायचं मनात आहे ते सांगा आणि विचारा: हे करावं का? कुठे करावं? काय लावावं, काय लावू नये? "नको" असं उत्तर आलं तर तेही ऐकावं लागेल.

इथे वेळेचं भान फार महत्त्वाचं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तुम्ही फेब्रुवारीत बैठक घेतली तर रानाची सर्वांत बारीक ओळख असलेली माणसं तिला नसतीलच, आणि बाग फक्त गावात थांबलेल्यांची होईल. जुलैत लावणीची घाई असते, तेव्हाही कोणाला बोलावू नये. जूनचा दुसरा पंधरवडा किंवा लावणी आटोपल्यावरचे दिवस चांगले.

माझं स्पष्ट मत: पहिला पूर्ण पावसाळा पाहण्यात आणि विचारण्यात घालवा, लावणी पुढच्या जूनला करा. अगदीच राहवत नसेल तर पहिल्या वर्षी नागलीचा (नाचणीचा) एक वाफा आणि टाकळा-कुर्डूचं बी एवढंच टाका.

रानफेरी

पावसाळ्यात तीन फेऱ्या करा: जूनअखेर, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. प्रत्येक वेळी वेगळं रान दिसतं. जूनमध्ये शेवळं आणि कोवळा पाला, ऑगस्टमध्ये करटोली आणि चाईच्या वेलाचा मोहर, ऑक्टोबरमध्ये पिकलेलं बी आणि पिवळे पडत चाललेले कंदांचे वेल. सोबत पाचवीपासून पुढची दहा-बारा मुलं पुरेत. शंभर मुलं नेली तर फेरीची सहल होते आणि आजीचा आवाज पहिल्या चौघांपलीकडे जात नाही.

ज्या बाया दिवसभर तुमच्याबरोबर फिरतील त्यांचा रोज बुडतो. तो द्या, आणि निदान रोजगार हमीच्या दराने द्या. चहा-नाश्ता आणि शाल-श्रीफळ म्हणजे मोबदला नव्हे. पैसे कुठून आणायचे, तर शाळेचं अनुदान आहे, आणि पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागासाठीच्या खास पंचायत कायद्याखालच्या) ग्रामपंचायतींना मिळणारा पाच टक्के अबंध निधी कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेत ठरतं. तिथे विषय मांडा.

मुलांच्या हातात वही द्या आणि प्रत्येक वनस्पतीमागे हे विचारायला सांगा: तुमच्या बोलीत नाव काय, कोणता भाग खातात किंवा वापरतात, कोणत्या नक्षत्रात, खुडताना किती मागे ठेवायचं, शिजवायची रीत कोणती, कोणी खाऊ नये, आणि ही पूर्वी जिथे मिळायची तिथे आता मिळते का. शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं ऐकून पुष्कळदा जीव हळहळतो, पण बागेत सगळ्यात आधी कशाला जागा द्यायची ते त्यातूनच कळतं.

एक उदाहरण जवळून पाहू. शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या रानटी कंदाचा फुलोरा. पान यायच्या आधी, तांबूस-जांभळट गुंडाळी जमिनीतून उभी राहते. ती तशीच शिजवली तर घशाला सुया टोचल्यासारखी खाज सुटते, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. म्हणून बाया वरचे पापुद्रे आणि आतला खाजरा पिवळसर भाग काढतात, बारीक चिरून तेलावर चांगलं परततात आणि आंबटासाठी काकड नावाच्या रानझाडाची फळं घालतात. शेवळं आणि काकड यांचा हंगाम एकच. हे ऐकलेलं मूल बागेत शेवळाचा कंद लावताना काकडाचं झाड कुठे लावायचं असं आपणहून विचारतं.

काही माहिती वहीत उतरवायची नसते. औषधी मुळ्या, देवाची झाडं, भगताच्या विद्येतलं काही सांगितलं गेलं आणि "हे लिहू नका" असं म्हटलं गेलं तर पेन खाली ठेवा. जे लिहाल त्यावर सांगणाऱ्याचं नाव त्यांना विचारून घाला. जैवविविधता कायद्यानुसार (२००२) प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. तुमच्या गावाची नोंदवही मागून पाहा. बऱ्याचदा आयती सुरुवात तिथेच सापडते. मुलांच्या वह्यांतली भर तिच्यात जायची असेल तर ती समितीमार्फत आणि सांगणाऱ्यांच्या संमतीने जावी. औषधी माहितीचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणं मात्र कटाक्षाने टाळा.

जागा

एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, पहिल्या तीन वर्षांसाठी भरपूर आहे. मोठी जागा मिळाली तरी सुरुवात एवढ्यावरच करा.

पावसाळ्यात छत्री घेऊन आवारात उभं राहा आणि पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं ते पाहा. कंदांना साचलेलं पाणी चालत नाही, ते कुजतात. ज्या कोपऱ्यात दोन दिवस डबकं राहतं तिथे अळू लावा, बाकीचं तिथे नको. उन्हाळ्यात दुपारचं ऊन कुठून येतं तेही बघा. मोठी झाडं पश्चिमेला आणि उत्तरेला ठेवली तर एप्रिलच्या उतरत्या उन्हापासून आडोसा होतो आणि वाफ्यांवर दिवसभर सावली पडत नाही.

आधीचं झाड असेल तर त्याला हात लावू नका. आवारात जुना ऐन, मोह किंवा जांभूळ असला तर बाग त्याच्याभोवती आखा. सावलीत वाढणाऱ्या कंदांना आयती जागा मिळते. उंबर, वड, पिंपळ आणि बांबू इमारतीपासून, शौचालयाच्या टाकीपासून आणि विहिरीच्या काठापासून निदान ३० फूट लांब.

मुरमाड, तुडवून घट्ट झालेली जमीन असेल तर घाबरायचं कारण नाही, रानझाडांना तशी सवय असते. उन्हाळ्यात ती एकदा खोल खणून ठेवा, पालापाचोळा आणि जुनं शेणखत मिसळा. रासायनिक खताची इथे गरज नाही. झाडाखालची कुजलेली पानं चार टोपल्या आणून टाकली तर त्यांच्याबरोबर मातीतले उपयोगी जीवही येतात.

काय लावायचं

यादी रानफेरीतूनच यायला हवी. तरी या भागात जी बहुतेक पाड्यांवर पुढे येतात ती सांगतो.

झाडांमध्ये मोह सगळ्यात आधी. फुलं खातात, बियांचं तेल काढतात, लग्नापासून मरणापर्यंत त्याचं स्थान आहे. पण एका गुंठ्यात एकच, आणि तोही कडेला, कारण त्याचा घेर पुढे फार वाढतो. त्याबरोबर काकड, आवळा, भोकर, पळस, बहावा, कोरलाची भाजी देणारा कांचन आणि एखादं जांभूळ. याच जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गोष्टीतून मुलांशी बाजाराबद्दल बोलता येतं. ही सगळी झाडं एका गुंठ्यात मावणार नाहीत. चार निवडा, बाकीची मैदानाच्या कडेला लावा. अकोले-जुन्नरकडे हिरडा हवाच, तिकडच्या महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं मीठ-मिरची बाळहिरड्यावर, म्हणजे कोवळ्या सुकवलेल्या हिरड्यांवर, चालत आलं आहे.

झुडपांमध्ये करवंद, निरगुडी, अडुळसा, भारंगी, दिंडा, आणि एका कडेला कारवी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. पहिलीतल्या मुलांनी लावलेली कारवी ती मुलं शाळा सोडायच्या आत बहरलेली पाहतील. घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या असतात, हे मुलांना घरून माहीत असतं.

वेल आणि कंद हा बागेचा गाभा. करटोली, चाई, कोनफळ, वाघाटी, शतावरी, शेवळं, रानसुरण. पालेभाज्यांत टाकळा, कुर्डू, फोडशी, कवळा, घोळ, माठ. धान्याच्या तुकड्यात नागली, वरई, खुरासणी, उडीद, आणि बांधावर तूर व वाल.

आता काय टाळायचं. कळलावी दिसायला सुंदर आणि इथलीच, पण तिचा कंद जीव घेतो. प्राथमिक शाळेत नको. गुंजेच्या लालचुटूक बिया मुलं गोळा करतात आणि त्या अतिशय विषारी असतात. धोतरा, कण्हेर, खाजकुहिली आणि बिब्बा हेही आवाराबाहेरच. मोगली एरंड कुंपणाला फार ठिकाणी लावलेला असतो. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि विषबाधा होऊन दवाखान्यात पोचतात, अशा बातम्या आपल्या राज्यातून पुन्हा पुन्हा आलेल्या आहेत. तो शाळेच्या कुंपणाला असेल तर बाग लावायच्या आधी तो मुळासकट काढा. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून कुंपणाला तोही नको.

बियाणं आणि रोपं

शक्य तितकं गावातून घ्या. परवानगीचा नियम साधा: शेताच्या बांधावरून, परसातून किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या जंगलातून ग्रामसभेला विचारून. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही आणायचं नाही. अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य शाळांना अगदी लागून आहे, तिथे हे जास्त लक्षात ठेवावं. जिथे एखादी वनस्पती चार-दोनच उरली आहे तिथून कंद उपटून शाळेत आणू नका, बी मिळतं का पाहा. फोडशीचं तसंच आहे. तिच्या पांढऱ्या मुळ्या मुसळी म्हणून विकल्या गेल्याने ती अनेक माळांवरून विरळ झाली आहे. तिचं काळं बारीक बी पावसाळ्याच्या शेवटी गोळा करा.

मोहाचं, जांभळाचं आणि कडुलिंबाचं बी ठेवून चालत नाही. फळ पडल्यापासून काही दिवसांत ते मातीत गेलं पाहिजे, वाळवून बरणीत ठेवलं तर मेलंच समजा. जांभळाच्या एका बीतून कधी दोन-तीन रोपं निघतात, त्यातलं जोमदार ठेवा. मोहाचं सोटमूळ वेगाने खोल जातं, म्हणून लहान पिशवीत अडकवण्यापेक्षा बी थेट खड्ड्यातच लावा. पळसाच्या चपट्या शेंगाही ताज्याच टाकायच्या. करवंदाचं बी पिकलेली फळं खाऊन झाली की धुऊन लगेच पेरा, हे काम मुलांना सांगावंही लागत नाही.

बहाव्याचं उलट आहे. त्याच्या बीचं कवच इतकं टणक की वर्षभर पडून राहील. मुलांना खडबडीत दगडावर ते एका बाजूने घासायला द्या, चकाकी जाऊन आतला फिका रंग जरा दिसला की रात्रभर पाण्यात. फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं परत घासा. हिरड्याचा गर काढून बी दोन दिवस भिजवा आणि धीर धरा, उगवण सावकाश होते.

शेवग्याच्या आणि पांगाऱ्याच्या फांद्या मनगटाएवढ्या जाडीच्या कापून उन्हाळ्याच्या शेवटी रोवल्या की लागतात. भारंगीचे मुळाशी फुटलेले कोंब काढून लावता येतात.

कंदांसाठी एक युक्ती ठेवा. वेल वाळला की कंद कुठे होता ते कोणालाच सापडत नाही. म्हणून ऑगस्टच्या फेरीतच जागेवर खुंटी मारून रंगीत दोरा बांधा, आणि पानं पिवळी पडून वाळल्यावर खणा. निम्मा कंद तिथेच परत पुरा. आणलेले कंद कोरड्या मातीत, सावलीत ठेवा; वळवाच्या पावसाआधी त्यांना आपोआप डोळे फुटतात.

धान्याचं बी घराघरातून मूठमूठ मागा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच घराघरांतून जमवून राखलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा. बियाणं राखेत मिसळून मडक्यात ठेवायची रीत तुमच्याही गावात कोणाकडे तरी असेलच. ती व्यक्ती शोधून तिच्याकडूनच शिका.

लावणी

झाडांचे खड्डे दीड फूट लांब, रुंद आणि खोल, एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती आणि पालापाचोळा आधी आत जातो, मुरमाचा खड्ड्याभोवती उतारावर अर्धगोल बांध करायचा. लावणी मृगाचा पाऊस जमिनीत वीतभर मुरल्यावर. पहिल्या सरीला घाई केली आणि मग दहा दिवसांची उघडीप पडली तर रोपं जातात.

पालेभाज्या आणि कंदांसाठी गादीवाफे करा, जमिनीपासून निदान अर्धा हात उंच, मध्ये पाणी जायला चर. वाफ्याची रुंदी तिसरीतल्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचेल एवढीच, म्हणजे तीन फूट. टाकळा आणि कुर्डू पेरायची खरं तर गरज नसते, एकदा बी पडलं की ती दरवर्षी येतात. त्यांना आवरायचंच काम उरतं.

शेवळं आणि रानसुरण झाडाच्या सावलीत, चार बोटं खोल. चाई, कोनफळ यांना चढायला बांबूचा मांडव द्या.

करटोलीवर जरा थांबतो, कारण शाळांत सर्वांत जास्त निराशा तिच्यामुळे होते. वेल जोमात वाढतो, पिवळी फुलं येतात आणि फळ एकही धरत नाही. करटोलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा असतो. फूल येईपर्यंत ते ओळखता येत नाहीत. फूल आल्यावर पाकळ्यांच्या मागे पाहा: मादीच्या फुलामागे लहानशी काटेरी गोळी असते, नराच्या फुलामागे नुसता देठ. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर असला की पुरे, पण तो हवाच. म्हणून पहिल्या वर्षी दहा-बारा कंद लावा, प्रत्येकाला क्रमांक द्या, फुलं आल्यावर कोणता नर कोणती मादी ते वहीत लिहा आणि जास्तीचे नर पुढच्या वर्षी बदला. फुलं संध्याकाळी उमलतात. आश्रमशाळेतली मुलं त्या वेळी आवारातच असतात, तेव्हा नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच टेकवायचं काम त्यांना सहज जमतं. विज्ञानाच्या पुस्तकातलं परागीभवन एवढ्या नीट कुठेच कळत नाही. पाच-सहा दिवसांत गोळी फुगू लागते.

नागलीचं बी जूनच्या सुरुवातीला एका कोपऱ्यात दाट पेरा, रोपं वीतभर झाली की जुलैत मुलांकडून लावून घ्या. राब भाजायचा, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा पसरून ती जमीन भाजायची, की नाही ते गावातल्या जाणत्यांना विचारा, पण शाळेच्या आवारात, इमारतीजवळ आग नकोच.

कुंपणाला पहिली दोन वर्षं बोरीच्या किंवा खैराच्या वाळक्या काट्या, आतून करवंद आणि निरगुडीची दाट ओळ. सागरगोटाही चांगला, मात्र मुलांच्या वाटेवर नको. भातकापणी झाली की गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात. त्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आत, काट्या नव्याने लावून घ्या. फेब्रुवारीपासून वणव्याची भीती असते, कुंपणाबाहेर चार फुटांचा पट्टा गवत काढून साफ ठेवा.

मे महिना

शाळेच्या बागा मरतात त्या मे महिन्यात. विहीर आटलेली, मुलं घरी, शिक्षक गावाला. आपल्या बागेची मोठी जमेची बाजू ही की तिचा बराच भाग उन्हाळ्यात झोपलेला असतो. शेवळं, चाई, करटोली, फोडशी यांचे कंद-मुळ्या जमिनीखाली निवांत असतात, त्यांना पाणी द्यायचंच नाही, दिलं तर उलट कुजतील. धान्य घरात आलेलं असतं. पाणी लागतं फक्त पहिल्या दोन उन्हाळ्यांत, आणि तेही झाडांच्या रोपांना.

त्यासाठी प्रत्येक रोपाशेजारी वीतभर अंतरावर पाच-सात लिटरचं कच्चं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर खापरी ठेवा. पाणी झिरपत मुळांना मिळतं आणि तीन-चार दिवसांनी एकदा भरलं तरी चालतं. रोपाभोवती चार बोटं जाडीचं वाळक्या पानांचं आच्छादन द्या, खोडाला मात्र चिकटवू नका, वाळवी लागते.

शाळा चालू असताना जेवणाआधी हात धुण्याचं पाणी वाया जातं. मुलामागे एक लिटर धरलं तरी शंभर मुलांचं शंभर लिटर होतं. ते वाळू-खडीच्या लहान खड्ड्यातून काढून झाडांकडे वळवा. साबणाचं पाणी पालेभाज्यांच्या वाफ्यात नको. सुट्टीची पाळी मार्चअखेरच कागदावर ठरवा: कोणता पाडा, कोणतं घर, कोणता आठवडा. त्या घरांना शेवग्याच्या शेंगा, आवळे यांवर पहिला हक्क द्या.

ताटात येण्याआधी

आपली मुलं हे खाणार आहेत, म्हणून इथे ढिलाई नको. ज्या बाईने ती भाजी वर्षानुवर्षं खुडून रांधली आहे तिने पाहून हो म्हटल्याशिवाय एकही पान स्वयंपाकघरात जाता कामा नये. पुस्तकातला फोटो किंवा मोबाइलवरचं ॲप या कामाला पुरेसं नाही, कोवळेपणी अनेक रोपं सारखीच दिसतात.

रानभाजी पोषण आहाराच्या मोठ्या पातेल्यात थेट टाकू नका. वेगळी रांधा, पालकांना आधी कळवा, पहिल्या वेळी प्रत्येकाला दोन घास. बांबूचे कोंब चिरून उकळून पाणी फेकल्याशिवाय नाहीत. टाकळा फक्त पहिल्या पावसाचा, कोवळा. कडूकंदाचं विष काढायला राखेत उकळणं, वाहत्या पाण्यात ठेवणं असे बरेच सोपस्कार लागतात; तो बागेत ओळखीसाठी असू द्या, शाळेच्या चुलीवर नको. नवी भाजी आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायची आणि मगच खायची, असा रिवाज अनेक पाड्यांवर आहे. तुमच्या पाड्यावर असेल तर शाळेनेही तो पाळावा.

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आजीबाईंना शाळेत बोलावून हे जेवण करता येतं. करटोली, कुर्डू, भारंगी तेव्हा मिळतात. शाळेच्या चुलीवर त्या दिवशी त्यांचीच हुकमत असावी, आणि शिक्षकांनी वाढपी व्हावं.

पावसाळ्यात पाचोळ्यात साप-विंचू असतात. मुलांनी हात घालण्याआधी काठीने चाळवायचं, संध्याकाळी बॅटरी, पायांत बूट. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा फोन नंबर बागेच्या दाराशी रंगवून ठेवा.

पाट्या, वह्या, वर्ग

पाटीवर पहिलं नाव मुलांच्या बोलीतलं. एका शाळेत वारली, कोकणा आणि कातकरी मुलं असतील तर तिन्ही नावं. त्याखाली प्रमाण मराठी नाव, त्याखाली शास्त्रीय. चित्र मुलांनी काढायचं. आवाराच्या भिंतीवर बागेचा नकाशा गेरूवर पांढऱ्या रंगाने काढायला वारली घरांतल्या मुलांना शिकवावं लागत नाही.

बाग वेगळा तास म्हणून शिकवली तर परीक्षा जवळ आल्यावर तो तास पहिला जातो. त्यापेक्षा ती रोजच्या विषयांत असू द्या. चौथीचं क्षेत्रफळ वाफ्यावर, सहावीचा आलेख करटोलीच्या तोडणीवर, मराठीचा निबंध आजीच्या मुलाखतीवर. अजून प्रमाण मराठीत बोलायला बुजणारी पहिलीची मुलं या बागेत घडाघडा बोलतात, कारण इथली नावं त्यांना येतात आणि गुरुजींना विचारावी लागतात.

बागेची एक जाड वही असू द्या, आणि ती कपाटात कुलुपात न ठेवता वर्गात. शिक्षकांच्या बदल्या होतात आणि ज्यांनी बाग लावली ते गेले की नव्या गुरुजींना तिथे नुसतं गवत दिसतं. फेब्रुवारीत तर खरोखरच नुसतं वाळलेलं गवत असतं, आणि स्वच्छतेच्या उत्साहात कोणी तरी ते खणून, पेटवून मोकळं होतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर बागेचा नकाशा, त्यावर जमिनीखाली कुठे कोणता कंद आहे त्याच्या खुणा, करटोलीच्या नर-मादी वेलांचे क्रमांक, बियाणं कोणाच्या घरी मडक्यात ठेवलं आहे त्या घराचं नाव, आणि कोणतीही शंका आली तर पाड्यावर कोणाला विचारायचं त्या दोन-तीन आजीबाईंची नावं, त्यांना विचारून लिहिलेली. बदलीचा आदेश आल्यावर कार्यभार सोपवताना ही वही दाखवायची, आणि नव्या गुरुजींना त्या आजींच्या घरी नेऊन ओळख करून द्यायची.